सीनियर पोर्ट्रेट: शाळेचा स्टुडिओ पुरे की वेगळा फोटोग्राफर लावायचाच?

खडीसाखर (न्यू जर्सी):
लेक सप्टेंबरपासून बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर. शाळेचा ठरलेला स्टुडिओ आहे, इयरबुकमध्ये (शाळेच्या वर्षाच्या फोटोपुस्तकात) तिथलाच फोटो चालतो. मुलींनी खांद्यावर काळा ड्रेप, म्हणजे कापड, घ्यायचा, मुलांना टक्सिडो, मान थोडी तिरकी, झालं. तो फोटो काढूच. पण मॅडमना त्याशिवाय बाहेर बागेत वगैरे वेगळं शूट हवंय कारण मैत्रिणींनी बुकिंग केलंय. एका फोटोग्राफरने ३५० डॉलर सांगितले, एक तास, दोन ड्रेस, आणि फोटोंचे पैसे वेगळे! नवरा म्हणतो आयफोन आहे की घरात. मलाही हा सगळा बाजार वाटतो. आपल्या वेळी दहावीचा फोटो म्हणजे हॉलतिकिटावरचा, तोही घाबरलेला चेहरा, त्यावाचून काही अडलं का?

ब्लूबॉनेट_मावशी (डॅलस):
ताई अजिबात पटलं नाही. हॉलतिकिटाशी काय तुलना करताय, आपण बारावीनंतरही आईच्या हातचंच जेवत होतो, ही पोरं ऑगस्टमध्ये सामान भरून जातात ती पाहुणी म्हणूनच परत येतात. आणि फोटो नुसते भिंतीला नाही लागत हो, ग्रॅज्युएशन पार्टीचं आमंत्रण, अंगणातला बोर्ड, आजीआजोबांना पाठवायची प्रिंट, सगळीकडे तेच वापरतो आपण. आमच्याकडे तर मार्चअखेर ते एप्रिल ब्लूबॉनेटची निळी रानफुलं फुलली की एनिस गावाच्या बाजूला रस्त्याकडेला गाड्याच गाड्या, लेटरमन जॅकेट (शाळेच्या खेळाडूंचं वगैरे मानाचं जॅकेट) घालून पोरं फुलांत बसलेली. (बसण्याआधी काठीने फुलं हलवून बघा, साप असतात, खरंच सांगतेय.) पण शाळेला बाहेरचा फोटो चालत असेल आणि तो इयरबुकला द्यायचा असेल तर वसंतात फार उशीर होतो.

हिशेबनीस:
मावशी, भावना कळल्या, आता आकडे बोलूया. ती ३५० म्हणजे नुसतं दार उघडण्याचे पैसे. खरा धंदा नंतर. दोन आठवड्यांनी तुम्हाला बोलावतात, मोठ्या स्क्रीनवर गाणं लावून स्लाइडशो दाखवतात, आईचे डोळे भरून आले की पॅकेजचा कागद पुढे सरकवतात. शूटच्या आधीच लेखी विचारा की डिजिटल फाइल किती, फुल रेझोल्यूशन की फेसबुकपुरत्या, प्रिंट रिलीज (बाहेर प्रिंट काढायची लेखी परवानगी) आहे का. कारण अमेरिकेत वेगळा करार नसेल तर कॉपीराइट फोटोग्राफरचा राहतो, चेहरा तुमच्या लेकीचा असला तरी. फार्मसीतल्या फोटो काउंटरवर फोटो प्रोफेशनल दिसला की रिलीजचा कागद मागतात, मग बसा. माझं मत, शाळेचा फोटो घ्या, वाचलेल्या पैशांत पुस्तकं येतील.

उजेडवाला:
हिशेबनीस साहेब, कागदाबद्दल १०० टक्के सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. मी हौसेने कॅमेरा चालवतो म्हणून सांगतो, फोन आणि फोटोग्राफर यातला फरक कॅमेऱ्यात नसतोच, माणूस उजेड कुठून येतोय ते बघतो. जुलैत दुपारी बारा वाजता बागेत उभं केलं तर डोळ्यांखाली काळे खड्डे पडणारच, मग फोन असो की पाच हजारांचा कॅमेरा. न्यू जर्सीत जुलैत सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, त्याआधीचा तास धरा. आणि निवडताना इन्स्टाग्रामवरचे निवडक बारा फोटो बघून भुलू नका, एका शूटची पूर्ण गॅलरी मागा. त्यात आपल्यासारख्या सावळ्या रंगाची मुलं आहेत का बघा. काही जणांच्या एडिटिंगमध्ये गोरे लोक छान दिसतात आणि आपली पोरं एकतर नारिंगी नाहीतर पीठ फासल्यासारखी. हे मी आधी विचारलं असतं ना, तर भाच्याच्या वेळी भांडण वाचलं असतं.

खडीसाखर:
ही रंगाची गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती, थँक्स. पण ऑक्टोबरात पानं रंगतात, तेव्हा का नको?

उजेडवाला:
तेव्हा सगळ्यांनाच हवं असतं. शिवाय १ नोव्हेंबरला बऱ्याच कॉलेजांच्या अर्ली, म्हणजे लवकर करायच्या प्रवेश अर्जांची मुदत, पोरगी निबंध लिहू की केस सेट करू अशा अवस्थेत असेल. ऑगस्टमध्ये उरका. पावसाची तारीख बदलून मिळते का तेही आत्ताच विचारून ठेवा.

ट्रम्पेट_गर्ल:
मी मोठ्यांच्या धाग्यात बोलतेय, सॉरी, पण सीनियर होऊन मला फार वर्षं नाही झाली. आईने पैठणी नेसवली होती, पिना टोचत होत्या, सगळ्या फोटोंत मी दात आवळून हसतेय. शेवटी फोटोग्राफर म्हणाली तुझं काहीतरी आण, तर मी गाडीतून मार्चिंग बँडचा ट्रम्पेट आणला आणि जुनी कॅनव्हासची चपटी बुटं. तोच एक फोटो अजून माझ्या रूमवर आहे. त्यामुळे वेगळा फोटोग्राफर हवाच, पण ड्रेस पोरीला ठरवू द्या काकू. पैठणी हवीच असेल तर शेवटी, घरी नेसवा.

ब्लूबॉनेट_मावशी:
अगं पण पैठणीतला एक तरी काढायचाच ना! सोलापूरला आजीला काय पाठवणार, ट्रम्पेट?

ट्रम्पेट_गर्ल:
आजीला ट्रम्पेटवालाच आवडला. मावशी विश्वास ठेवा 😄

हिशेबनीस:
बरं, एक मधला मार्ग. काही फोटोग्राफर अकरावीतल्या मुलांना सीनियर रेप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपले प्रतिनिधी, म्हणून घेतात, शूट स्वस्तात, बदल्यात पोरांनी शाळेत जाहिरात करायची. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी इतक्या उत्साहात का आहेत याचं उत्तर बहुधा यात सापडेल.

खडीसाखर:
हो!! एक जण आहे तशी, आत्ता विचारलं लेकीला, लाजली. आता माझा बेत असा, मिनी सेशन घ्यायचं, तिघी मैत्रिणी मिळून एक तास, पैसे वाटून.

हिशेबनीस:
तीन मुली, सहा ड्रेस, एक तास? कपडे बदलणार कुठे?

खडीसाखर:
मिनीव्हॅनमध्ये. पडदे आहेत.

उजेडवाला:
प्रत्येकीला वीस मिनिटं येतील, त्यातली दहा ड्रेस बदलण्यात. ग्रुपचे फोटो कितीही काढा, पण प्रत्येकीला एकटीची वेळ किती ते फोटोग्राफरकडून लिहून घ्या, नाहीतर जी सगळ्यात बडबडी तिचेच फोटो जास्त येतील.

खडीसाखर:
मग चिंता नाही, बडबडी आमचीच आहे.