वॉर्डनच्या भिंतीमागची खोली: सुपरहिरो गेममधले छुपे दुवे कथेसाठी की टाळ्यांसाठी?

पेठेतला_गेमर
आधीच सांगतो, बॅटमॅनच्या गेम्सची आर्कम मालिका आणि स्पायडर-मॅन, दोन्हींचे स्पॉयलर खाली भरपूर आहेत.

रविवारी कोथरूडला मित्राकडे त्याच आर्कम जगातला 'सुइसाइड स्क्वाड: किल द जस्टिस लीग' लावला होता. त्यात हॉल ऑफ जस्टिसमध्ये बॅटमॅनच्या कारकिर्दीवर एक प्रदर्शन आहे. जुन्या आर्कम गेम्सच्या खुणा तिथे ओळीने मांडून ठेवल्यात. मित्र एकेक ओळखून खूश होत होता आणि मी मात्र वैतागत होतो. का वैतागलो ते नीट लिहितो, कारण आमचा वाद तिथे मिटला नाही.

२००९ च्या 'आर्कम असायलम'मध्ये वॉर्डन क्विन्सी शार्पच्या ऑफिसात एक भिंत आहे. या गेममधल्या फुटणाऱ्या भिंती डिटेक्टिव्ह मोड (बॅटमॅनची तपासणीची नजर) लावला की उठून दिसतात. ही दिसत नाही. तिच्यावर एक्स्प्लोसिव्ह जेल (स्फोटक) मारायचं, एकदा मारून भागत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा मारायचं आणि मग उडवायचं. आत लहानशी खोली आणि तिच्यात 'आर्कम सिटी'चे आराखडे. गॉथम या बॅटमॅनच्या शहराचा एक अख्खा भाग भिंती घालून तुरुंग करायचा बेत! गेम बाजारात येऊन कित्येक महिने झाले तरी ही खोली कोणाला सापडली नाही, शेवटी गेम बनवणाऱ्या रॉकस्टेडीनेच ती कुठे आहे ते सांगितलं. २०११ ला 'आर्कम सिटी' आला तेव्हा हाच शार्प महापौर होता आणि तो तुरुंग उभा राहिलेला होता.

ती खोली पाहून असायलम पुन्हा खेळून बघा. शार्पचं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं. माझ्या मते याला छुपा दुवा म्हणावं. आधी पेरलेलं पुढच्या गेममध्ये उगवतं आणि मागचाही गेम बदलून टाकतं. काचेच्या कपाटात जुन्या वस्तू लावणं ही नुसती सजावट झाली. तिला 'इस्टर एग' (मुद्दाम लपवलेली गंमत) म्हणून डोक्यावर घेऊ नये.

कर्वेनगरकर
तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. जी खोली कोणालाच सापडली नाही तिने खेळणाऱ्याला काय दिलं? 'आर्कम सिटी' सुरुवातीला खेळलेल्या कितीतरी लोकांना ती भिंत माहीतही नव्हती आणि त्यांचं काही अडलं नाही. म्हणजे कथेला तिची गरज नव्हती. कौतुक आहे ते तिच्या दडून राहण्याचं.

उलट ज्या प्रदर्शनावर तुम्ही चिडलात ते कोणालाही दिसतं. 'आर्कम नाइट' २०१५ चा, 'सुइसाइड स्क्वाड' फेब्रुवारी २०२४ चा. मध्ये जवळपास नऊ वर्षं गेली. २०१५ ला जो चौथीत होता तो आता इंजिनिअरिंगला आहे, त्याने आधीचं काहीही खेळलेलं नसेल. त्याला या घराची ओळख करून द्यायची की नाही? जुन्या लोकांनी दार लावून आत बसायचं आणि बाहेरच्याला म्हणायचं की किल्ली तुझी तू शोध, हा हट्ट मला पटत नाही.

पेठेतला_गेमर
@कर्वेनगरकर, ओळख करून द्यायला माझी हरकत नाही, पण तिला छुपा दुवा का म्हणायचं? आणि गरजेचंच म्हणाल तर भीतीचं विष वापरणारा खलनायक स्केअरक्रो घ्या. असायलममध्ये मगरीसारखा किलर क्रॉक त्याला गटाराच्या पाण्यात ओढून नेतो. सगळ्यांनी पाहिलेला प्रसंग आहे, त्यात लपवलेलं काही नाही. श्रेयनामावलीनंतर पाण्यातून एक हात वर येतो आणि टायटन या ताकद वाढवणाऱ्या द्रव्याची पेटी पकडतो. तो हात क्रॉकचा, बेन या आणखी एका खलनायकाचा किंवा स्केअरक्रोचा, तिघांपैकी कोणाचाही दिसू शकतो. 'सिटी'मध्ये स्केअरक्रो समोर येतच नाही, पण पाण्याकडेला एक बोट उभी आहे. तिचं कुलूप सिक्वेन्सर या बॅटमॅनच्या यंत्राने उघडलं की आत त्याच्या भीतीच्या विषाचा साठा सापडतो. मग 'नाइट'मध्ये तो थेट मुख्य खलनायक म्हणून येतो आणि तोंड असं की जागोजागी शिवलेलं. क्रॉकने काय केलं होतं ते त्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे, कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. तीन गेम आणि सहा वर्षं एक धागा सांभाळला त्यांनी. बोट न सापडलेल्यालाही 'नाइट' कळतो, सापडलेल्याला तो जास्त भिडतो. यात दार कोणावर लावलंय?

चाचणीवाला
मी बाणेरच्या एका स्टुडिओत गेम टेस्टिंग करतो. दोघांचंही वाचलं. 'आधी पेरलं, मग उगवलं' हे ऐकायला छान वाटतं, पण बहुतेक दुवे उलट्या दिशेने जोडलेले असतात, हे लक्षात घ्या.

'आर्कम ओरिजिन्स' बघा. २०१३ चा गेम, बनवला डब्ल्यूबी गेम्स माँट्रिअलने, आणि कथा असायलमच्या कित्येक वर्षं आधीची. त्यात बेनला कळतं की बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन. पण असायलममधल्या बेनला तर ते ठाऊकच नाही! मग टीएन-१ नावाचं औषध आणलं, त्याने बेनची ताकद वाढते आणि स्मरणशक्ती जाते. प्रश्न मिटला. हे पेरलेलं नव्हतं, नंतर शिवलेलं आहे. आणि शिवण चांगली आहे, असायलममधला तो राक्षसी बेन आता जास्त दयनीय वाटतो. तुमच्या नियमाने याला काय म्हणायचं?

दुसरं म्हणजे, अशी एक खोली ठेवायची तर तिची चाचणी बाकी गेमइतकीच करावी लागते. खेळाडू वेळेआधी आत शिरला तर, अर्धवट सेव्ह केलं तर, भिंत फोडून परत आला तर, सगळं बघावं लागतं. ९९ टक्के लोक जाणार नाहीत अशा जागेसाठी हे काम मागून घेणारा डिझायनर दुर्मीळ असतो. आणि आता लोक पहिल्याच आठवड्यात गेमच्या फायली उघडून आतलं सगळं बाहेर काढतात. २००९ सारखी गुप्तता आज कोणी ठरवूनही पाळू शकत नाही. त्यामुळे आजचे लोक उघड दिसतील असेच दुवे ठेवतात. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

घड्याळजी
फायली उघडून सगळंच सापडतं असं नाही हं. 'सिटी'मधला कॅलेंडर मॅन आठवतोय का? न्यायालयाच्या तळघरात कोठडीत बसलेला असतो. कन्सोलच्या घड्याळात सण असेल त्या दिवशी जाऊन भेटलं की तो त्या सणाची एकेक भयंकर गोष्ट सांगतो. हे सगळ्यांना माहीत होतं. पण घड्याळ १३ डिसेंबर २००४ ला नेलं, म्हणजे रॉकस्टेडीच्या स्थापनेच्या दिवशी, तर तो वेगळंच बोलतो: तुझ्या सुरुवातीला मी होतो, शेवटालाही असेन. हे कळायला कित्येक वर्षं गेली. आणि 'नाइट'च्या अगदी शेवटी, वेन मॅनर या ब्रूस वेनच्या वाड्याच्या फाटकापाशी जमलेल्या गर्दीत तो उभा आहे! एक शब्द बोलत नाही. कोणी बोट दाखवलं नाही तर नजरेतून सुटतो.

कर्वेनगरकर, यात कोणाचं काय बिघडलं सांगा बरं.

कर्वेनगरकर
काहीच बिघडलं नाही, आणि कथेत काही घडलंही नाही. पेठेतला_गेमर यांच्या व्याख्येने कॅलेंडर मॅन सजावटच ठरतो की.

पीएसफाइव्हवाली_आई
मी गेमर नाही, पण लेकाबरोबर बसून 'स्पायडर-मॅन'चे तिन्ही गेम पाहिलेत, २०१८ चा, मग 'माइल्स मोरालेस' आणि २०२३ चा दुसरा भाग. म्हणून लिहितेय.

पहिल्या भागात हार्लेमच्या स्मशानभूमीत बेनकाकाची कबर आहे. कथा तुम्हाला तिकडे पाठवत नाही. आपण होऊन गेलात, तर पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, थांबतो, श्रद्धांजली वाहतो, बस. त्याच गेमच्या शेवटी मे काकू जाते. औषध तिला द्यायचं की शहरासाठी ठेवायचं हे पीटरला ठरवावं लागतं, त्या प्रसंगाला माझा मुलगा उठून आतल्या खोलीत गेला होता. दुसऱ्या भागात तो शहरभर जाळं टाकत फिरत होता आणि न सांगता, कुठलंही मिशन नसताना, त्याच स्मशानभूमीत उतरला. तिथे आता मे काकूची कबर आहे. त्याला खात्री होती की असणार.

याने कथेत काहीही घडत नाही. पुढची लढाई सोपी होत नाही, कोणतं गुपित उलगडत नाही. पण तिन्ही गेममध्ये पाहिलेल्या कितीतरी गोष्टींपेक्षा मला हे जास्त लक्षात राहिलंय. 'माइल्स'मध्ये एका रस्त्याला चॅडविक बोसमन यांचं नाव दिलंय, तेही तसंच. अशा जागा सजावट म्हणून मोडीत काढू नका, एवढंच सांगायचं होतं.

चाचणीवाला
@पीएसफाइव्हवाली_आई, सुंदर लिहिलंत. फक्त एक, दोन्ही कबरींना ट्रॉफी (गेमकडून मिळणारं बक्षीस) जोडलेली आहे. अनेक जण यादी बघून तिथे जातात, बटण दाबतात आणि निघतात. जागा तीच, पण त्यांना ती यादीतली एक ओळ वाटते. माझी तक्रार असेल तर त्या ट्रॉफीबद्दल आहे.

पेठेतला_गेमर
ताई, तुमच्या मुलाने केलं ते मला हवंय त्याच जातीचं आहे. पहिल्या गेममध्ये जे मरण घडलं त्याची जबाबदारी दुसऱ्या गेमने उचलली, म्हणून ती कबर तिथे आहे. 'ओरिजिन्स'मधल्या बेनच्या गेलेल्या स्मृतीचंही तसंच, चाचणीवाले. नंतर शिवलं तरी चालेल, पण मागच्या गेममध्ये जे झालं ते खरं मानून शिवायचं.

आता माझ्या रागाचं खरं कारण. त्याच 'सुइसाइड स्क्वाड'मध्ये बॅटमॅनला बाकावर बसवून स्क्वाडमधली हार्ली गोळी घालते. आवाज केव्हिन कॉनरॉय यांचा, जे १० नोव्हेंबर २०२२ ला गेले. असायलम, सिटी आणि नाइट या तिन्ही गेम्समध्ये तोच आवाज ऐकत आम्ही मोठे झालो. तो प्रसंग मला कडू लागला, तरी मी तो मानला, कारण त्यांनी सांगितलं होतं की हे तेच जग आहे, तोच माणूस आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये गेम आटोपता घेताना खुलासा आला की तो बॅटमॅन क्लोन होता.

कर्वेनगरकर
मग बरंच झालं की! खरा बॅटमॅन जिवंत आहे. कथेत मोठी घटना घडली, आणि तिने मागचाही गेम बदलला. तुमच्याच कसोटीला हे उतरतं. आवडलं नाही म्हणून नियम बदलू नका.

पेठेतला_गेमर
नाही उतरत. शार्पच्या खोलीने आधीचं सगळं खरं ठेवून त्यात भर घातली. क्लोनने आधीचं खोटं ठरवलं. मी त्या बाकासमोर जे सोसलं ते त्यांनी एका वाक्यात पुसलं, आणि प्रदर्शनातल्या ज्या वस्तू ओळखून माझा मित्र खूश होत होता त्या मात्र तशाच कपाटात आहेत. त्या माणसाचं पुढे काय करायचं हे ज्यांचं ठरलेलं नाही, त्यांनी त्याचा जुना मुखवटा दाखवून माझ्याकडून टाळी मागू नये.