'राखीव', 'संरक्षित' आणि 'झुडपी' : सरकारी अर्थ काय?

विचारणा
वनजमिनींच्या अधिसूचनांत 'राखीव वन' आणि 'संरक्षित वन' असे दोन शब्द येतात. कानाला 'संरक्षित' जास्त कडक वाटतं. राखीव म्हणजे नुसतं राखून ठेवलेलं. मग जास्त बंधनं कुठे? आणि विदर्भातल्या कागदांत 'झुडपी जंगल' दिसतं, ते कशात मोडतं?

उत्तर
कानावर जाऊ नका, इथे गाडी उलटी आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनात मुळात सगळं मना, परवानगी मिळेल तेवढंच करायचं. संरक्षित वनात सगळं मोकळं, मनाई केली असेल तेवढं सोडून. सरपणाची मोळी आणायची किंवा गुरं सोडायची असतील, तर फरक लगेच कळतो.

राखीव करण्याची रीतही लांबलचक. आधी कलम ४ची अधिसूचना : अमुक चतुःसीमेतली जमीन राखीव करण्याचा सरकारचा इरादा आहे. मग वन जमाबंदी अधिकारी निदान तीन महिन्यांची मुदत देऊन दावे मागवतो. वहिवाटीची पायवाट, चराई, पाण्याची वाट, जे असेल ते तेव्हाच सांगायचं. दाव्यांचा निकाल लागला की कलम २०ची अंतिम अधिसूचना. 'चार झालंय, वीस बाकी आहे' हे वाक्य ऐकलं असेल, ते यातलंच. अशा अर्धवट अवस्थेत कित्येक जमिनी वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि माझ्या मते गावाशी होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथेच आहे.

भर
झुडपीबद्दल. हा मुळात महसुली नोंदीतला शब्द. मुरमाड जमीन, मोठी झाडं नाहीत, खुरटी झुडपं, गुरांना चरायला ठेवलेली. पूर्व विदर्भातल्या दप्तरात तिची नोंद 'झुडपी जंगल' अशी झाली. तेव्हा त्यात फारसं काही बिघडत नव्हतं. पण १९८०चा वन (संवर्धन) अधिनियम आला आणि वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायला केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली. पुढे १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'वन' शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घ्यायचा, मालकी कुणाचीही असो. शिवाय सरकारी नोंदीत वन म्हणून असलेली जमीनही त्यात आली. (शब्दकोशाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल!) त्या आधारावर २२ मे २०२५च्या निकालात झुडपी जंगल हे वनच ठरलं. दप्तरातल्या 'जंगल' या एका शब्दाने तिथली घरं, शाळा, सरकारी कचेऱ्या अडकल्या. १९९६च्या त्या तारखेआधी रीतसर दिलेल्या जमिनी नियमित करण्याची वाट निकालाने ठेवली आहे, पण तीही केंद्राच्या मंजुरीतूनच जाते.

पुन्हा विचारणा
मग 'वनधोरण' म्हणतात ते कुठे बसतं? आणि कुरण वनात येतं का?

उत्तर
धोरण म्हणजे कायदा नव्हे. १८९४, १९५२ आणि १९८८ अशी तीन राष्ट्रीय वनधोरणं झाली. १९८८च्या धोरणात देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली किंवा वृक्षांखाली असावी असं म्हटलंय, पण ती दिशा झाली. तेवढ्यावर कुणावर खटला भरता येत नाही. प्रत्यक्षात जंगलात काय तोडायचं, कुठे चराई बंद ठेवायची, हे वनविभागाच्या कार्य आयोजनेत ठरतं. ती साधारण दहा वर्षांची असते. मुख्य धोरण सगळे वाचतात, ही आयोजना कुणी उघडत नाही.

कुरणाचं दुखणं वेगळं. वनखात्याच्या हद्दीत असेल तर ते वन, गावाच्या गुरचरणासाठी असेल तर गायरान, म्हणजे महसुली जमीन. आणि मोजणीत? भारतीय वन सर्वेक्षण किमान १ हेक्टर जागेवर किमान १० टक्के झाडांचं छत्र (फांद्या-पानांची सावली) असेल तरच वनाच्छादन धरतं. उत्तम गवत असलेलं उघडं माळरान त्यात येतच नाही, वर पुष्कळदा 'पडीक' म्हणून नोंदलं जातं. मग त्यावर झाडं लावायची योजना येते आणि माळढोकाची जागा जाते.

तुमच्या हातातल्या अधिसूचनेत कलम कुठलं लिहिलंय ते बघा. ४ की २०, की संरक्षित वनाचं २९? बाकी अर्थ त्यावरून लागेल.