मदत हवी आहे: कपाळावर रव्यासारखे दाणे, नाकावर काळे ठिपके आणि लग्न मार्गशीर्षात

रंकाळा_रिटर्न

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच आणि तेही असल्या विषयावर, तर हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग सल्ला द्या.

वय २८, पुरुष, मूळ कोल्हापूर, नोकरीला पुण्यात. शाळा-कॉलेजात असताना चेहऱ्यावर मुरूम असे फारसे आलेच नाहीत, मित्रांच्या तोंडावर यायचे तेव्हा मी चिडवायचो, त्याचीच फळं असावीत. गेल्या वर्षभरात कपाळावर बारीक बारीक दाणे आलेत, लाल नाहीत, दुखत नाहीत, लांबून दिसतही नाहीत पण बाथरूमच्या दिव्यात बाजूनं बघितलं की सगळं कपाळ रवाळ दिसतं आणि हात फिरवला की खरंच रवा लागल्यासारखं वाटतं. केसांच्या कडेला जास्त आहेत. नाकावर काळे ठिपके आहेत, दाबले की शेवेसारखं बारीक पांढरं काहीतरी बाहेर येतं आणि महिनाभरात पुन्हा होतं तसं. शिवाय डाव्या डोळ्याखाली खसखशीएवढे दोन पांढरे टणक दाणे आहेत, ते दाबूनही काही निघत नाहीत.

आतापर्यंत केलेले उद्योग: दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणं, आक्रोडाचा स्क्रब, लिंबू आणि खायचा सोडा (आग झाली, लाज वाटते सांगायला), नाकाला चिकटवून ओढायच्या त्या पट्ट्या, आणि एका पार्लरमध्ये क्लीनअप. तिथल्या पोराने लोखंडी काडीने असं दाबलं की दोन जागी काळे डाग पडलेत ते दोन महिने झाले तरी आहेत. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवलं, त्यानं एक ट्यूब दिली, म्हणाला रात्री लावा, सकाळी गोरे. बारा दिवस लावतोय. चेहरा उजळ वाटतोय खरा पण दाणे आहेत तिथेच.

साखरपुडा झालाय, लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणजे चार महिने हातात. रोज टू-व्हीलरवर हेल्मेट घालून सव्वा तास जातो. दारू-सिगारेट नाही. काय करू?

मिसळ_जादा_तर्री

भावा, तेलकट खाणं बंद कर. मी सांगतोय आणि माझं नाव बघ.

अनुस्वार

तर्रीदादा, वडा तळलेलं तेल थेट चेहऱ्यावर येत नसतं हो. गोड, मैदा, साखरेचे पेय, काही जणांना दूध किंवा जिममधलं व्हे प्रोटीन यांनी मुरूम वाढतात असं दिसलंय, पण नुसत्या मिसळीवर खापर फोडू नका.

रंकाळा, दोन प्रश्न आहेत. कपाळाला खाज येते का? आणि डोक्याला तेल लावता का?

चकली_मावशी

बाळा, मसूर डाळीचं पीठ, चिमूटभर हळद आणि साय एकत्र करून लाव आणि वाळलं की चोळून काढ. आमच्या वेळी फेसवॉश नव्हते, दिवाळीच्या उटण्यावर वर्ष काढायचो आणि चेहरे बघ जुन्या फोटोतले.

रंकाळा_रिटर्न

@अनुस्वार खाज अजिबात नाही. तेल हो, रोज रात्री. आई घरी करते, खोबरेल तेलात जास्वंद, माका, ब्राह्मी, मेथीदाणे कढवून. दर महिन्याला बाटली भरून पाठवते. का हो?

@चकली मावशी, जुने फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत ना पण.

सांगलीचा_फार्मासिस्ट

मी डॉक्टर नाही, औषधं विकायच्या बाजूला आहे, पण आधी एक काम करा, त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते इथे लिहा. ब्रँड नको, फक्त घटक.

रंकाळा_रिटर्न

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

सांगलीचा_फार्मासिस्ट

वाटलंच होतं. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. हे तिघांचं मिश्रण वांगासारख्या डागांसाठी डॉक्टर ठरावीक दिवस देतात, आणि आपल्याकडे ते गोरं व्हायची क्रीम म्हणून विकलं जातं, माझ्याच धंद्यातले लोक विकतात, काय बोलणार. पहिले पंधरा दिवस चेहरा चकचकीत दिसतो म्हणून माणूस खूश होतो आणि चालू ठेवतो, मग काही महिन्यांनी कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, नको तिथे लव वाढते, उन्हात गेलं की आग, आणि वर स्टिरॉइडमुळेच नवीन पुळ्या. सोडलं की चेहरा लालभडक म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइडची क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी मिळतात ते तुम्ही बघताय.

तुमचे बाराच दिवस झालेत हे बरं आहे. आज बंद करा. थोडे दिवस लाली आली तर घाबरून परत लावू नका. आणि हा धागा वाचणारं कुणी जर महिनोन्‌महिने लावत असेल तर स्वतःच्या मनाने झटक्यात सोडू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे ट्यूब घेऊन जा, ते बघून ठरवतील.

अनुस्वार

+१, हे आधी.

आता बाकीचं. मी या सगळ्यातून गेलेय म्हणून लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या. तुम्ही तिन्ही गोष्टी एकच धरून चाललाय आणि सगळ्यावर एकच उपाय मारताय, स्क्रब. त्या तीन वेगळ्या आहेत.

कपाळावरचे दाणे म्हणजे बंद कोमेडोन, व्हाइटहेड्स म्हणतात ते. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिचं तेल आणि आतल्या मेलेल्या पेशी मिळून बुच बसतं आणि वरून कातडी बंद असते. तोंड उघडं असेल तर तेच बुच काळं दिसतं, त्याला ब्लॅकहेड म्हणतात आणि काळा रंग मळाचा नसतो, आतलं मेलॅनिन (कातडीला रंग देतं ते) आणि तेल हवेला लागून काळवंडतं. म्हणजे चारदाच काय चाळीसदा तोंड धुतलं तरी ते जाणार नाही कारण ते वर नाहीचे, आत आहे. उलट कोरडं पडून, घासून सूज येणार.

नाकावरचं तुमचं जे शेवेसारखं बाहेर येतं आणि महिन्याभरात परत भरतं ते बहुतेक ब्लॅकहेडसुद्धा नाही. सगळ्यांच्या नाकावर असतं ते, तेल वर यायची वाट आहे ती, सेबेशियस फिलामेंट म्हणतात. पट्टीने ओढलं की रिकामं होतं आणि पुन्हा भरतं, भरणारच, ते त्याचं कामच आहे. थोडं कमी दिसू शकतं, जात नाही. यात वेळ घालवू नका. छिद्रं गरम पाण्याने उघडतात आणि बर्फाने मिटतात हे पण पार्लरवाल्यांचं, छिद्राला काही दार नसतं, स्नायूच नाहीत तिथे. वाफेने वरचं जरा मऊ होतं एवढंच.

डोळ्याखालचे खसखशीएवढे म्हणजे मिलिया असणार. केराटिनची, म्हणजे कातडी-केसांतल्या प्रथिनाची, बारीक गाठ, तोंड नसलेली, म्हणून दाबून निघत नाही. निरुपद्रवी असतात, कधीकधी आपोआप जातात, नाहीतर डॉक्टर निर्जंतुक सुईने टोच मारून काढतात, पाच मिनिटांचं काम. घरी सेफ्टी पिनने करू नका प्लीज, डोळा आहे तिथे.

आणि तेल. इथेच घोडं पेंड खातंय असं मला वाटतं. दाणे केसांच्या कडेला जास्त आहेत हे तुम्हीच लिहिलंय. खोबरेल तेल चेहऱ्याच्या छिद्रांसाठी जड असतं, रात्री लावून झोपलात की उशीला लागतं, उशीचं कपाळाला लागतं, आणि सकाळी त्यावर सव्वा तास हेल्मेट, आत घाम, घासणं, उष्णता. डोक्याच्या तेलामुळे कपाळावर असे दाणे येतात हे त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, त्याला वेगळं नाव पण आहे, पोमेड अ‍ॅक्ने. खाज एवढ्यासाठी विचारली की एकसारखे आणि खाजणारे दाणे असतील तर ती बुरशी पण असू शकते, तिला मुरुमांची औषधं चालत नाहीत.

रंकाळा_रिटर्न

काय राव. म्हणजे आईचं तेल?

मिसळ_जादा_तर्री

तरी म्हटलं मिसळीचा दोष नाही.

चकली_मावशी

तेलाला नावं ठेवू नका ग. केस किती छान राहतात.

अनुस्वार

मावशी, केसांसाठी नावं ठेवतच नाहीये, कपाळासाठी ठेवतेय. रविवारी आंघोळीच्या तासभर आधी लावा, कपाळापासून दोन बोटं मागे, आणि शाम्पूने धुऊन टाका. रात्रभर नको. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला, हेल्मेटच्या आतलं पॅडिंग निघत असेल तर धुवा (कधी धुतलंय का शेवटचं?) आणि आतून सुती टोपी घाला, रोज धुतलेली. पुण्यातल्या मुलींनी स्कार्फलाही हेच लावावं, मी तोच स्कार्फ पाच दिवस वापरायचे आणि हनुवटीवर का येतंय म्हणून रडायचे.

उटण्याबद्दल पण, मावशी रागावू नका, लावून धुवायला हरकत नाही पण वाळल्यावर चोळून काढणं नको, आणि साय तर याच्या कपाळाला नकोच.

सांगलीचा_फार्मासिस्ट

औषधाचं थोडं मी लिहितो. अशा बंद दाण्यांना दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक सॅलिसिलिक अ‍ॅसिड, २ टक्क्यांपर्यंतचं, तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरू शकतं. दुसरं अ‍ॅडापलीन ०.१ टक्का जेल, हे बुच मुळात बसूच देत नाही, त्यामुळे खरं काम हे करतं. पण डॉक्टरला दाखवून घ्या, विशेषतः आता स्टिरॉइड लावून झालंय म्हणून, आधी कातडी शांत होऊ द्या. लावायचं रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, मटारच्या दाण्याएवढं सगळ्या कपाळाला मिळून, एकेका दाण्यावर टिकली लावल्यासारखं नाही. सुरुवातीला एक दिवसाआड. वर मॉइश्चरायझर, तेलकट चेहरा असला तरी. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वरचं, नाहीतर पार्लरवाल्याने दिलेले ते डाग आणखी गडद होतील. आपल्या रंगाच्या कातडीला डाग पटकन पडतात आणि हळू जातात, त्याला महिने लागतात.

पहिले तीन-चार आठवडे वाढल्यासारखं वाटतं, तिथेच निम्मे लोक सोडून देतात. फरक आठ ते बारा आठवड्यांनी. तुमचं मार्गशीर्षाचं गणित बसतंय, पण आत्ता सुरू केलंत तर. बायकांनी गरोदर असताना किंवा दिवस राहावेत असा विचार असेल तर अ‍ॅडापलीन लावायचं नाही, हे इथे लिहून ठेवतो कारण धागे लोक नंतर वाचतात.

निळी_छत्री

माझ्या बहिणीला हनुवटी आणि जबड्यावर यायचं, पाळी पण पुढेमागे, शेवटी पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा त्रास) निघालं. धागाकर्त्याला लागू नाही पण तशा मुलींनी क्रीम बदलत बसू नये म्हणून लिहिलं.

रंकाळा_रिटर्न

सगळ्यांना धन्यवाद. ट्यूब फेकली. आईला फोन केला. जसंच्या तसं देतो. "आई, तेल बंद करायला सांगितलंय." "कुणी?" "नेटवर." "मग तुझ्या बाबांना कसं नाही आलं कपाळावर?" आता बाबांना पस्तिशीपासून टक्कल आहे, तेल लावतात कुठे हे मी आईला सांगू शकलो नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, कळवतो.

रंकाळा_रिटर्न

(नऊ आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, कळवतो म्हणालो होतो. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या पहिला प्रश्न विचारला, डोक्याला तेल लावता का. अनुस्वारताई, तुम्हाला दंडवत. डोळ्याखालचे दोन मिलियाच होते, सुईने काढले, डासापेक्षा कमी दुखलं. ट्यूब बंद केल्यावर आठवडाभर गाल लाल होते, मग शांत झाले, त्यानंतर अ‍ॅडापलीन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात कपाळ असं फुललं की होणारी बायको व्हिडिओ कॉलवर म्हणाली कॅमेरा जरा लांब धरा. फार्मासिस्ट साहेबांचं वाक्य आठवून लावत राहिलो. आता कपाळाचा मधला भाग गुळगुळीत आहे, केसांच्या कडेला थोडे शिल्लक. एक डाग गेला, दुसरा फिकट झालाय. नाक आहे तसंच आहे, बघणं सोडून दिलं. हेल्मेटचं पॅडिंग धुतलं, पाणी जे निघालं त्याचं वर्णन करत नाही.

तेल रविवारी. आई अजून बाटली पाठवतेच, तीन साठल्यात, कुणाला हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, केसांसाठी एक नंबर आहे.

आता शेवटचा प्रश्न. हळद. आमच्याकडे तेल घालून लावतात आणि आत्या सगळ्या मिळून तोंडाला थापतात.

अनुस्वार

मस्त! हळदीच्या आधी तीन-चार रात्री जेल बंद ठेवायचं का ते डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर कातडी सोललेली असेल तर चुरचुरेल. हळद तेलाऐवजी दुधात किंवा पाण्यात कालवायला सांगा, गालाला एकेक बोट लावलं की शास्त्र झालं, बाकी हातापायाला लावू दे हवी तेवढी. आणि झाल्यावर लगेच आंघोळ, फोटो काढत दोन तास बसू नका.

रंकाळा_रिटर्न

एकेक बोट हे आत्यांना सांगणार कोण? पाच आहेत.

चकली_मावशी

सांगून बघ. मी पण कुणाची तरी आत्याच आहे, मी तरी ऐकणार नाही.