बाळंतपणात बाळ गुदमरलं, आता सीपी (सेरेब्रल पाल्सी) सांगितलंय. हॉस्पिटलवर केस करता येते का?

चाकणचा_बाबा:
मुलगी २० महिन्यांची आहे. बाळंतपण बायकोच्या माहेरी, लातूरला, एका खाजगी हॉस्पिटलात झालं. कळा संध्याकाळपासून चालू होत्या, सिझर पहाटे केलं. बाळ रडलं नाही, दुसऱ्या दिवशी झटके आले, मग पेटीत ठेवलं. डिस्चार्ज कार्डवर 'एचआयई स्टेज २' (ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा) लिहिलंय. मान उशिरा धरली, अजून बसत नाही, मुठी घट्ट असतात. पुण्याच्या डॉक्टरांनी आता सेरेब्रल पाल्सी लिहून दिलं. सासरे म्हणतात पोलीस कंप्लेंट करा. भाऊ म्हणतो डॉक्टरांचं कोण काय वाकडं करणार, पैसा पोरीवर घाल. बिल सगळं मिळून पावणेदोन लाख झालं होतं. जायचं कुठे? वकील इथला बघू की लातूरचा?

मिलिंद_के:
नादाला लागू नका. तारीख पे तारीख, हाती भोपळा.

आरवची_आई_सातारा:
मिलिंद, वेळ लागतो हे खरं, आमचीही केस अजून चालूच आहे. पण म्हणून फाइल न मागताच सोडून द्यायचं?

दादा, वकिलाच्या आधी कागद. डिस्चार्ज कार्डावर काही ठरत नाही. पूर्ण इनडोअर फाइल (ॲडमिट असतानाचे सगळे कागद) लेखी मागा: नर्सिंग नोट्स, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता), बाळाच्या ठोक्यांची सीटीजी पट्टी, ऑपरेशन नोट, ॲपगार (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण). एनआयसीयूची (बाळाला पेटीत ठेवतात त्या विभागाची) फाइल वेगळी असते, ती वेगळी मागा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते, आणि जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे. आमच्या फाइलमधल्या नर्सच्या वहीत रात्रभर दर अर्ध्या तासाला ठोके १४०, १४०, १४२, १४०. एकच पेन, एका दमात लिहिल्यासारखं. सीटीजी पट्टीवर मात्र पहाटे ३:४० ला ठोके घसरून ९० वर आलेले. तज्ज्ञांनी बाकी फाइल बाजूला ठेवून त्याच पानावर बोट ठेवलं.

तज्ज्ञ म्हणजे त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेले स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मुलांचे न्यूरोलॉजिस्ट. एमआरआय सोबत न्या. कडू वाटेल, पण सीपीच्या बऱ्याच मुलांमध्ये कारण बाळंतपणातलं नसतंच. कमी दिवसांचं बाळ, पोटात असतानाचं इन्फेक्शन, जनुकीय दोष असंही निघतं. दोघांनीही 'वेळेत सिझर झालं असतं तरी फरक पडला नसता' असं सांगितलं, तर तुमच्या भावाचं ऐका.

पोलिसात जाऊ नका असं माझं मत. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) दुसऱ्या डॉक्टरचा अभिप्राय असल्याशिवाय पुढे काही हलत नाही, आणि तिथे भरपाई मिळत नाही. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेही तक्रार करता येते, म्हणजे लातूरला हेलपाटे नकोत. कुठल्या आयोगात जायचं ते मोजलेल्या बिलावरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ५० लाखांपर्यंतचं बिल जिल्ह्यातच. पाच लाखांच्या आतल्या बिलाला फी शून्य.

मुदत दोन वर्षं. वकील सांगतील की निदान झालं तेव्हापासून मोजू, उशीर माफही होतो. होतो कधीकधी, पण त्यावर विसंबू नका. मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आत दाखल करा.

प्रदीप_नांदेड:
आमचं उपजिल्हा रुग्णालयात झालं, एक रुपया भरला नाही. आम्हालाही ग्राहक आयोग का?

आरवची_आई_सातारा:
नाही भाऊ, सगळ्यांनाच मोफत सेवा असेल तर ग्राहक कायदा लागत नाही (शांता निकाल, १९९५). तुम्हाला दिवाणी दावा. सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातल्या अच्युतराव खोडवा प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरलंय, वकिलाला तो निकाल काढायला सांगा. मूल अज्ञान (१८ च्या आतलं) असल्याने त्याच्या स्वतःच्या दाव्याची मुदत १८ पूर्ण झाल्यावर सुरू होते, पण तोवर फाइल कुठे मिळणार! वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलं, महिला, अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

चाकणचा_बाबा:
ताई, एक वकील म्हणतात सरळ एक कोटी मागू. आणि केस लागेपर्यंत थेरपीचा खर्च?

आरवची_आई_सातारा:
आकडा हवेतला नको. फिजिओ, स्प्लिंट, व्हीलचेअर, वहिनींनी नोकरी सोडली असेल तर तो पगार, सगळ्याची बिलं लावा. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात मुलाला वेगळी आणि आईवडिलांच्या मनस्तापाला वेगळी भरपाई मिळाली होती, तेव्हा तिघांच्या नावाने मागा.

खर्चासाठी केसची वाट बघू नका. यूडीआयडी (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) काढा. त्यावर नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपी धरून. प्राप्तिकर भरत असाल तर जुन्या करपद्धतीत अपंग मुलासाठी ७५ हजारांची वजावट, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख.

आणि हो, बाळंतपणाच्या फाइलच्या अर्जावर सही वहिनींची घ्या. पेशंट त्या आहेत. नवऱ्याच्या सहीवर आम्हाला काउंटरवरूनच परत पाठवलं होतं.