मदत हवी आहे: पावसाळ्यानंतर जुने आउटबोर्ड इंजिन सहज सुरू होत नाही, तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

नमस्कार. देवबाग येथे कर्ली खाडीच्या काठी आमची १८ फुटी फायबरची होडी आहे. तिला वडिलांनी १९९७ साली घेतलेले दोन सिलिंडरचे, दोन स्ट्रोकचे, १५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचे, इंजिन आहे. ते दोरी ओढून सुरू करावे लागते आणि त्याला कार्बोरेटर एकच आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ते दरवर्षी पडवीत स्टँडवर उभे असते. यंदा माझ्या आजारपणामुळे ते काढून ठेवताना कार्बोरेटरमधले पेट्रोल जाळून संपवायचे राहून गेले, आणि नारळी पौर्णिमेनंतर होडीला चढवल्यापासून त्रास सुरू झाला.

इंजिन थंड असताना २५ ते ३० वेळा दोरी ओढावी लागते. चोक ओढून ठेवला तर ते धरते, पण चोक आत ढकलताच गुदमरल्यासारखे होऊन बंद पडते. मात्र तेवढ्यात थ्रॉटल निम्म्याहून जास्त उघडला तर बरे चालते. दुसरा त्रास असा की साधारण पंधरा मिनिटे व्यवस्थित चालल्यावर ते हळूहळू मंद होत बंद पडते. अशा वेळी इंधननळीवरचा रबरी फुगा कोणीतरी दाबत राहिले तर ते चालू राहते. फुगा चपटा झालेला नसतो, पण कडकही नसतो. हा फुगा सुरुवातीलाही पूर्वीसारखा दगडासारखा घट्ट होत नाही, हे आता लिहिताना लक्षात आले.

आतापर्यंत मी केलेली तपासणी अशी आहे. टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे भरले आणि ५०:१ या प्रमाणात, म्हणजे २४ लिटरला ४८० मिलिलिटर, दोन स्ट्रोकचे सागरी तेल घातले. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो. दोन्ही प्लग नवे घातले असून त्यांतील फट १ मिलिमीटर आहे. प्लग काढून, त्यांचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढली असता दोन्हींवर निळी ठिणगी दिसते. उसन्या मापकावर कॉम्प्रेशन ११० आणि १०५ पीएसआय आले. दहा वेळा दोरी ओढून प्लग काढले तर ते कोरडे निघतात.

एका मेकॅनिकने इंजिन न उघडताच कार्बोरेटर आणि सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) दोन्ही बदलण्याचा सल्ला दिला आहे. एवढ्या जुन्या इंजिनावर तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे ते कळावे, अशी माझी इच्छा आहे. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी इंजिन बंद पडले तर नाव बाहेर ओढली जाते, त्यामुळे सध्या वल्ही आणि नांगर घेतल्याशिवाय मी निघत नाही आणि मुखाकडे तर जातच नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याचे जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमच्या वर्णनातच निम्मे उत्तर आहे. ठिणगी आहे, दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे आणि प्लग कोरडे आहेत, म्हणजे पेट्रोल आत पोहोचत नाही. सीडीआयला तूर्त हात लावू नये. उघड्या हवेत ठिणगी दिसली म्हणून दाबाखालीही ती तशीच पडेल याची खात्री नसते, हे खरे. पण दोष ठिणगीचा असता तर इतक्या वेळा दोरी ओढल्यावर प्लग पेट्रोलने भिजलेले निघाले असते.

मला येथे एक नव्हे तर दोन दोष दिसतात, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ होत आहे. पंधरा मिनिटांनी बंद पडणे हा टाकीपासून इंजिनावरच्या इंधनपंपापर्यंतचा दोष असावा. झाकणाचा हवेचा मार्ग किंवा टाकीतली जाळी तुंबली असती तर फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला असता. तुमचा फुगा नुसता सैल राहतो, म्हणजे नळी कोठेतरी हवा ओढत आहे, फुग्यातली झडप गेली आहे किंवा पंपाचा पडदा थकला आहे. टाकी ते फुगा या भागात पेट्रोल ओढले जात असल्याने तेथे चीर असली तरी ते बाहेर ठिबकत नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून नुसते पाहून ही गळती सापडत नाही. नळ्या कापाकापी करण्याआधी शेजाऱ्यांची त्याच जोडाची टाकी नळी-फुग्यासह तासभर उसनी घ्यावी. तिच्यावर इंजिन न थांबता चालले तर पंप निर्दोष सुटला आणि दोष तुमच्या नळीत अडकला. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे माझा संशय आधी नळीवर आहे.

चोकशिवाय न चालणे हा दुसरा दोष. थ्रॉटल उघडल्यावर कार्बोरेटरमधले मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मोठे भोक, काम करते आणि इंजिन चालते. मंद गतीला पेट्रोल देणारे पायलट जेट मात्र बुजलेले दिसते. कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून गेले की मागे जो चिकट थर उरतो, तो सर्वांत आधी याच बारीक भोकात बसतो. कार्बोरेटर उतरवून कार्बोरेटर क्लीनरने ते फवारून घ्यावे. टाचणी किंवा पोलादी तार घालू नये, कारण भोक किंचितही मोठे झाले तर जेट फुकट गेले. फारच अडले तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस वापरावा. मंद गतीचे मिश्रण कमी-जास्त करणारा पायलट स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवून टेकेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे. हे काम सावलीत पण मोकळ्या हवेत करावे, आणि त्याच वेळी ठिणगीची परीक्षा घेऊ नये.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त एक भर घालतो: फुगा दाबताना बाणाची दिशा इंजिनाकडे आणि तेच टोक वर धरावे, कारण आडव्या फुग्यातल्या झडपा जुन्या झाल्यावर नीट बसत नाहीत. घरी चाचणी घेताना इंजिन पाण्याच्या पिंपात ठेवूनच सुरू करावे. कोरडे चालवल्यास पाणी ओढणारा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो आणि मग तिसरे काम निघते.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. रविवारी शेजाऱ्यांची टाकी आणि नळी लावून खाडीतच सव्वा तास फिरलो. इंजिन एकदाही थांबले नाही. घरी येऊन माझी नळी उभी कापली तेव्हा आतला थर साली निघाल्यासारखा सुटलेला होता आणि इंजिनाकडच्या जोडातले ओ-रिंग नखाने दाबले तरी दबत नव्हते. फुग्यासह नवी नळी आणि जोड घातल्यावर फुगा सहा-सात दाबांत घट्ट होतो.

थंड इंजिन मात्र तरीही चोकशिवाय चालेना, म्हणून काल कार्बोरेटर उतरवला. पायलट जेटमधून उजेड अजिबात दिसत नव्हता. रात्रभर क्लीनरमध्ये ठेवून सकाळी दोनदा फवारले. आज चौथ्या ओढीला इंजिन सुरू झाले आणि चोक आत ढकलल्यावरही चालत राहिले. पडवीतून हे सर्व पाहणारी आई म्हणाली की एवढे दिवस इंजिन नव्हे, मीच पेटलो होतो.

एक शंका उरली आहे. इंजिन तापल्यावर मंद गतीला असताना गिअर टाकला की ते कधी कधी बंद पडते. पायलट स्क्रू पूर्वी होता तसाच दीड फेऱ्यावर ठेवला आहे. तो आत फिरवावा की बाहेर?

प्रतिसाद १

स्क्रू कोठे आहे यावर ते अवलंबून आहे. तो हवा आत येण्याच्या, म्हणजे चोकच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा असतो आणि बाहेर फिरवल्यास प्रमाण वाढते. एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि प्रत्येक वेळी थोडे थांबून आवाज ऐकावा. हे पिंपात करू नये. होडी पाण्यात बांधून, इंजिन तापलेले असताना आणि गिअरमध्ये ठेवून करावे, कारण पिंपात जुळवलेली मंद गती खाडीत तशीच राहत नाही.