घरचा संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडतो. कारण कसे शोधावे?

प्रश्न

माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी सुटे भाग जोडून घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे आणि त्यावर विंडोज १० चालते. गेल्या तीन आठवड्यांपासून तो काम चालू असतानाच बंद पडतो. निळा पडदा दिसत नाही, कसली सूचना येत नाही. पंख्यांचा आवाज एकदम थांबतो आणि कॅबिनेटवरचा दिवा विझतो. कधी दिवसातून दोनदा असे होते, तर कधी तीन-तीन दिवस काहीच होत नाही. मोठ्या फाइली कॉपी करताना दोनदा हा प्रकार घडला, पण एकदा तर मी नुसते पत्र टाइप करत होतो. त्यामुळे कामाच्या ताणाशी याचा संबंध आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी विंडोज नव्याने टाकून दिले, पण दोन दिवसांनी तक्रार पुन्हा सुरू झाली. मग त्यांनी रॅम काढून, खोडरबराने घासून परत बसवली. त्यानेही फरक पडला नाही. आता मदरबोर्ड बदलावा लागेल असे त्यांचे म्हणणे आहे. एवढा मोठा भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी तपासता येईल का? माहितीसाठी सांगतो की प्रोसेसरवर त्याच्याबरोबर आलेलाच पंखा आहे, ग्राफिक्स कार्ड वेगळे आहे, विंडोज एसएसडीवर आहे आणि जुन्या संगणकातली एक हार्ड डिस्क चार महिन्यांपूर्वी मी स्वतः यात बसवली आहे. संगणक आणि मॉनिटर दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत.

पहिले उत्तर

मदरबोर्डचा निर्णय तूर्त बाजूला ठेवावा. संगणक अचानक बंद पडतो असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळे प्रकार येऊ शकतात. विंडोज स्वतःच्या हिशेबाने रीतसर बंद होते, हा एक; विंडोज कोसळते आणि निळा पडदा क्षणभर दाखवून संगणक पुन्हा सुरू करते, हा दुसरा; आणि विंडोजला काही कळण्याआधीच वीज तुटते, हा तिसरा. आपले वर्णन तिसऱ्या प्रकाराचे वाटते आणि तसे असेल तर विंडोज कितीही वेळा नव्याने टाकले तरी उपयोग होणार नाही. तरीही अंदाजावर विसंबू नये, कारण संगणकाने याची नोंद ठेवलेली असते.

स्टार्ट मेनूमधून इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जखालच्या सिस्टम या भागात जावे. तिथे कर्नल-पॉवर या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद सापडेल. ती संगणक बंद पडताना नव्हे, तर पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते, त्यामुळे तिच्यावरची वेळ पाहून गोंधळू नये. बंद पडण्याची वेळ हवी असल्यास ६००८ क्रमांकाच्या नोंदीतला मजकूर वाचावा. ४१ क्रमांकाच्या नोंदीचा तपशील उघडला की बगचेक-कोड नावाची ओळ दिसते. तिथे शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा दाखवण्याचीही सवड मिळाली नाही, असे समजावे. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर रॅम आणि ड्रायव्हर, म्हणजे सुटे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, यांच्याकडे वळावे लागेल. त्याच तपशिलात पॉवर-बटणाच्या वेळेचीही एक ओळ असते. तीही शून्य आहे का ते पाहावे. कॅबिनेटचे बटण जुने होऊन आत अडकले, तर संगणकाला ते चार सेकंद दाबून धरल्यासारखेच वाटते आणि तो मुकाट्याने बंद होतो. मी स्वतः एकदा याच कारणासाठी दोन वेळा रॅम बदलली होती, हे इथे कबूल करतो.

आणखी दोन गोष्टी कळवाव्यात. संगणक बंद पडतो त्या क्षणी मॉनिटरचा दिवाही जातो, की मॉनिटर चालू राहून सिग्नल नसल्याचे दाखवतो? आणि नंतर बटण दाबल्यावर संगणक लगेच सुरू होतो, की थांबावे लागते?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सांगितल्याप्रमाणे नोंदी पाहिल्या. ४१ क्रमांकाच्या अकरा नोंदी आहेत आणि प्रत्येकीत बगचेक-कोड शून्य आहे. बटणाच्या वेळेची ओळही शून्यच आहे. मॉनिटर चालू राहतो आणि सिग्नल नसल्याचे दाखवतो. दुसऱ्या प्रश्नामुळे मात्र माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, जी मी आजवर सवयीने करत होतो आणि म्हणून सांगायची राहिली. बंद पडल्यावर बटण कितीही दाबले तरी संगणक सुरू होत नाही. मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलो आणि मग चालू केला, तरच तो सुरू होतो.

दुसरे उत्तर

प्रोसेसरबरोबर आलेला पंखा सहा वर्षे चालला आहे, तेव्हा उष्णतेची शक्यता आधी निकालात काढावी असे मला वाटते. एचडब्ल्यूइन्फोसारखा प्रोग्राम तापमान दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. संगणक बंद पडल्यानंतर त्या फाइलची शेवटची ओळ पाहावी. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि त्यानेही भागले नाही तरच संगणक बंद करतात. म्हणजे कारण उष्णता असेल तर बंद पडण्यापूर्वी संगणक मंदावलेला जाणवायला हवा. पंख्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी सुटली आहे का, हे बोटाने हलकेच दाबून पाहावे. धूळ झटकताना पंख्याची पाती धरून ठेवावीत. हवेच्या झोताने ती भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तापमानाची नोंद तीन दिवस ठेवली. काल संध्याकाळी संगणक बंद पडला तेव्हा शेवटच्या ओळीत प्रोसेसर ५८ अंशांवर होता आणि ग्राफिक्स कार्ड त्याहून थंड होते. खुंट्या चारही घट्ट आहेत. आता एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बदलावा का?

तिसरे उत्तर

उष्णतेचा प्रश्न मिटला. मॉनिटर चालू राहतो म्हणजे यूपीएसही सुटला, कारण तो कोसळला असता तर मॉनिटरही विझला असता. राहता राहिली ती मागचा स्विच बंद करून थांबण्याची गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये संरक्षणाची सोय असते. कुठे शॉर्ट झाले किंवा प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला गेला, तर तो सर्व पुरवठा तोडतो आणि बहुतेक वेळा मागची वीज काढून घेईपर्यंत पुन्हा सुरू होण्यास नकार देतो. आपला एसएमपीएस नेमके हेच करतो आहे. त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्यापूर्वी तो कशापासून बचाव करतो आहे हे शोधायला हवे. दोष बाहेर असेल तर नवा एसएमपीएसही तसाच बंद पडेल. नवा एसएमपीएस शॉर्ट ओळखण्यात कमी पडला, तर बंदही न पडता वायर जाळेल, आणि ते अधिक वाईट.

चार महिन्यांपूर्वी बसवलेल्या हार्ड डिस्कचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण माझे लक्ष तिथेच अडकले. तिला वीज कशी दिली आहे? एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून हार्ड डिस्कला लागणारा चपटा साटा प्लग काढणारा अडॅप्टर वापरला असेल, तर तो साचात ओतलेला एकसंध आहे, की मागे झाकण असलेला आणि वायरी वेगवेगळ्या दाबून बसवलेला आहे, ते पाहावे. साटाच्या वीजप्लगमध्ये १५ संपर्क असतात आणि त्यांच्यातले अंतर जेमतेम १.२७ मिलिमीटर असते. एकसंध प्रकारात वायरींभोवती वितळलेले प्लास्टिक ओतताना त्या जागच्या हलल्या, तर १२ व्होल्टची पिवळी आणि शून्याची काळी वायर यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्राच उरतो. तो काही महिने टिकतो आणि मग हार मानतो. हे अडॅप्टर जळाल्याची उदाहरणे भरपूर आहेत, म्हणून ही शक्यता किरकोळ समजू नये.

फाइली कॉपी करताना आणि पत्र टाइप करतानाही संगणक का बंद पडावा, याचाही यातून उलगडा होऊ शकतो. वापर नसलेली हार्ड डिस्क विंडोज मूळ मांडणीनुसार वीस मिनिटांनी थांबवते. पुढे कोणत्याही क्षुल्लक कारणाने ती पुन्हा फिरू लागते तेव्हा काही सेकंद १२ व्होल्टवरून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते. आपण पत्र लिहीत असलात, तरी डिस्क त्याच क्षणी जागी झाली असेल. हा माझा तर्क आहे, पण तो तपासणे सोपे आहे. मागची वीज पूर्ण काढून हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी आणि तो अडॅप्टर काढून ठेवावा आणि संगणक नेहमीसारखा वापरावा. एसएमपीएसचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जिवावर बेतेल इतका विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

पहिले उत्तर देणाऱ्याची पुरवणी

तिसऱ्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त चाचणीच्या कालावधीबद्दल सुचवतो की आपल्याकडे तीन-तीन दिवस काहीच घडत नसे, त्यामुळे दोन दिवस ठीक गेले म्हणून निष्कर्ष काढू नये. निदान दहा दिवस जाऊ द्यावेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

अडॅप्टर एकसंध प्रकारचाच निघाला. काढून पाहिला तेव्हा प्लगच्या एका कोपऱ्यावर वाटाण्याएवढा तपकिरी डाग होता आणि जवळ नेल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. डिस्कच्या स्वतःच्या पिना सुदैवाने स्वच्छ आहेत.

डिस्क न जोडता संगणक बारा दिवस चालवला. त्यात एक पूर्ण रात्र मुद्दाम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर ताण देऊन ठेवली. एकदाही बंद पडला नाही. त्यानंतर एसएमपीएसच्या केबलचा साटा प्लग, जो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला दुमडून बांधलेला होता आणि म्हणून मला तेव्हा दिसलाच नव्हता, सोडवून डिस्कला लावला. त्यालाही आता नऊ दिवस झाले आहेत आणि ४१ क्रमांकाची नवी नोंद आलेली नाही. डिस्कवरचे फोटो आज दुसरीकडे उतरवून घेत आहे. जुन्या संगणकातही तसाच एक अडॅप्टर असल्याचे आठवले, तोही काढून टाकला आहे.