718 मिश्रधातू: हार्डनेस बरोबर, तरी रप्चर टेस्टला नॉचमध्येच तुटतंय

अंबड_हीटट्रीट
इन्कोनेल 718 या निकेल मिश्रधातूचा फोर्ज्ड बार, व्यास 60 मिमी. सोल्युशन (फेज विरघळवणारी पहिली तापवणी) 1040 अंश सेल्सिअसला 1 तास, एअर कूल. मग एजिंग (ताकद देणारे कण तयार करणारी दुसरी तापवणी): 718 अंशांना 8 तास आणि 621ला 8 तास. हार्डनेस 42 एचआरसी, टेन्साइलही पास. पण रप्चर टेस्टला (गरम ठेवून सतत ताण देत किती तास टिकतो ती चाचणी) 649 अंश, 690 मेगापास्कलवर 23 तास व्हायच्या आतच नॉचमध्ये (मुद्दाम पाडलेल्या खाचेत) तुटतो. एजिंग वाढवू का?

सातपूर_मेटलर्जी
एजिंगला हात लावू नका दादा. 42 आलं म्हणजे गॅमा डबल प्राइम (ताकद देणारे बारीक कण) नीट तयार झालाय. घोळ सोल्युशनमध्ये आहे. डेल्टा फेज (निकेल-नायोबियमचे वेगळे कण) साधारण 1010 ते 1030 अंशांपुढे विरघळते. नायोबियम किती आहे त्यावर नेमका आकडा ठरतो. ग्रेन बाउंडरीवरची (धातूच्या स्फटिककणांच्या सीमेवरची) ही डेल्टाच ग्रेन वाढू देत नाही. 1040ला ती गेली, ग्रेन वाढले, बाउंडरी मोकळ्या राहिल्या आणि नॉचच्या बुडाशी तडा तिथूनच धावला. हार्डनेस ग्रेनच्या आतल्या कणांमुळे येते, त्यामुळे तिच्यात हे दिसणारच नाही.

रप्चर हवं असेल तर 955 ते 980 अंश, 1 तास. पुढे 718 अंशांना 8 तास, तासाला 55 अंशांनी भट्टीतच 621पर्यंत उतरवा आणि एजिंगचे एकूण 18 तास भरेपर्यंत तिथेच ठेवा. 1040च्या वरच्या सोल्युशनची एजिंग वेगळी असते: 760 आणि 649 अंश, एकूण 20 तास. ती जाड सेक्शनच्या आडव्या डक्टिलिटीसाठी चांगली, नॉच रप्चरला नाही. दोन्ही सायकलींची सरमिसळ नको.

अंबड_हीटट्रीट
हेच बार परत 960ला घेतले तर वाचतील?

ओझर_क्यूए
डेल्टा थोडी परत येईल, पण वाढलेले ग्रेन लहान होणार नाहीत. त्याला पुन्हा फोर्जिंगच लागतं. आधी तुकडा कापून ग्रेन साइज बघा, ग्राहकाची लेखी परवानगी घ्या, मगच सोल्युशन आणि पूर्ण एजिंग परत करा. 960चा होल्ड उगाच लांबवू नका. डेल्टाच्या सुया ग्रेनभर पसरल्या की नायोबियम तिकडे जातं आणि ताकद उतरते.

सातपूर_मेटलर्जी
आणखी एक. वेळ भट्टीच्या मीटरवरून नाही, सर्वात जाड जॉबला लावलेल्या थर्मोकपलवरून मोजा. गंधकवालं कटिंग ऑइल किंवा मार्किंग खडू राहिला तर निकेल-सल्फाइड साधारण 640 अंशांनाच वितळून बाउंडरीत शिरतं. भट्टीत भरण्याआधी डीग्रीझिंग कराच. एजिंगमध्ये 100 मिमीमागे अंदाजे 0.08 मिमी आकसतं, तेव्हा फिनिश कट त्यानंतरच.